पत्र्याची फुले (हस्तकला)

पत्र्याची फुले म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यापासून किंवा तारेपासून कापून, वाकवून व जोडून तयार केलेली शोभेची फुले होत. शीतपेयांचे ॲल्युमिनियमचे कॅन, तेलाचे व बिस्किटांचे डबे, बाटल्यांची बुचे, स्वयंपाकघरातील फॉईल, तांब्याची जुनी तार अशा घरात सहज मिळणाऱ्या किंवा अल्प किमतीच्या वस्तूंपासून अशी फुले करणे ही एक घरगुती हस्तकला आहे. सोनार व तांबट यांच्या परंपरागत पुष्पकामाहून ही हस्तकला दोन बाबतींत वेगळी ठरते. तिला भट्टी लागत नाही आणि तिचा कच्चा माल कारखान्यात आधीच लाटून पातळ केलेला असतो. पाकळीचा नाजूकपणा, कापलेल्या कडेचा धोका आणि लवकर गंजण्याची शक्यता या तिन्ही गोष्टी पत्र्याच्या या पातळपणातूनच येतात.

नाव

मराठीतील 'पत्रा' हा शब्द संस्कृत 'पत्र' या शब्दापासून आला आहे. 'पत्र' म्हणजे पान, आणि त्यावरून धातूचा पातळ पापुद्रा. 'ताम्रपत्र' या शब्दात हाच अर्थ दिसतो. मिठाईवर लावतात त्या चांदीच्या 'वर्खा'चे मूळ अरबी 'वरक' या शब्दात असून त्याचाही अर्थ पान किंवा कागद असा होतो. इंग्रजीतून आलेला 'फॉईल' हा शब्द लॅटिन 'फोलियम' म्हणजे पान या शब्दापर्यंत मागे नेता येतो. पातळ धातूला झाडाच्या पानाचे नाव देण्याची पद्धत अशी तीन वेगवेगळ्या भाषांत आढळते.

इतिहास

धातूची पाने व फुले करण्याची कला फार प्राचीन आहे. मेसोपोटेमियातील ऊर येथे लेनर्ड वुली यांनी १९२० च्या दशकात केलेल्या उत्खननात राणी पुआबी हिच्या थडग्यात सोन्याच्या पत्र्याची पाने व फुले असलेला शिरोभूषणांचा संच सापडला. त्याचा काळ इ. स. पू. सुमारे २६०० ते २५०० असा मानला जातो. ग्रीसमधील व्हर्जिना येथे मानोलिस आन्द्रोनिकोस यांनी १९७७ मध्ये उघडलेल्या राजथडग्यात ओक वृक्षाच्या पानांचा सोन्याचा मुकुट मिळाला. या दोन्ही ठिकाणी सोने ठोकून पातळ करण्यात आले, पत्र्यातून पाने कापण्यात आली आणि ती जोडण्यात आली. आजच्या घरगुती कामाची पद्धतही मूलतः हीच आहे.

महाराष्ट्रात केसांत माळायच्या सोन्याच्या अलंकारांत मूद, अग्रफूल, केतक यांसारखे प्रकार आहेत. त्यांपैकी केतकाचे नाव केवड्याच्या फुलावरून आले आहे. गणपतीला वाहण्यासाठी चांदीच्या दूर्वा व चांदीचे जास्वंदीचे फूल करून घेण्याची पद्धतही घरोघरी दिसते. ही सारी कामे मौल्यवान धातूंची असल्याने ती सोनाराकडेच होत असत.

स्वस्त धातूची फुले घरगुती आवाक्यात आली ती डबाबंद पदार्थांच्या व्यवसायामुळे. लोखंडी पत्र्यावर कथिलाचा पातळ मुलामा देऊन केलेला पत्रा युरोपात पूर्वीपासून होता. पीटर ड्युरंड यांनी १८१० मध्ये ब्रिटनमध्ये अन्न टिकवण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले आणि त्यात पत्र्याच्या डब्यांचा समावेश होता. त्यानंतर हा पत्रा हळूहळू सर्वसामान्य घरांत पोहोचला. डबा रिकामा झाला की पत्रा फुकट उरे, आणि जिथे धातू दुर्मीळ व महाग होता तिथे कारागिरांनी तो उचलला.

याचे ठळक उदाहरण उत्तर अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रदेशात मिळते. अमेरिकी सैन्याने १८४६ मध्ये हा प्रदेश ताब्यात घेतल्यावर तेथे पत्र्याचे डबे मोठ्या संख्येने येऊ लागले. स्थानिक स्पॅनिशभाषक कारागिरांनी रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून संतांच्या चित्रांच्या चौकटी, मेणबत्त्यांच्या दिवाणी आणि त्यांवरील फुलांच्या चकत्या करण्यास आरंभ केला. चांदी परवडत नसलेल्या देवघरांत या पत्र्याच्या कामाने चांदीची जागा घेतली. मेक्सिकोत, विशेषतः वाहाका येथे, पत्रा कापून व रंगवून केलेले असे काम आजही चालते. त्याला तेथे 'ओहालाता' म्हणतात.

पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या पितळी कवचांपासून फुलदाण्या व शोभेच्या वस्तू करण्यात आल्या. त्यांवर पाने-फुले ठोकून उठवलेली असत. हैती या कॅरिबियन देशात क्वा-दे-बुके या गावी विसाव्या शतकाच्या मध्यापासून तेलाच्या रिकाम्या पिंपांचा पत्रा सपाट करून त्यातून छिन्नी-हातोडीने वेली, पक्षी व मानवाकृती कापल्या जातात. जॉर्ज ल्योतो या लोहाराचे नाव या परंपरेशी जोडलेले आहे.

ॲल्युमिनियम बराच काळ महाग धातू होता. चार्ल्स हॉल व पॉल एरू यांनी १८८६ मध्ये स्वतंत्रपणे विद्युत् अपघटनाने तो वेगळा करण्याची पद्धत शोधल्यावर त्याची किंमत घसरली. अमेरिकेत १९५९ मध्ये पेयासाठी ॲल्युमिनियमचा कॅन बाजारात आला. तेव्हापासून जगभर या हस्तकलेत लोखंडी डब्याच्या बरोबरीने ॲल्युमिनियमचा कॅन वापरला जाऊ लागला.

साहित्य

कोणत्या वस्तूपासून कोणते फूल चांगले होईल हे मुख्यतः पत्र्याच्या जाडीवर व कडकपणावर अवलंबून असते. सर्वसाधारणपणे पुढील साहित्य वापरले जाते.

• स्वयंपाकघरातील फॉईल: जाडी सुमारे ०.०१ ते ०.०२ मिमी. बोटांनी चुरगळून आकार देता येतो, परंतु एकेरी पाकळी स्वतःच्या आधारावर उभी राहत नाही. म्हणून दोन-तीन पदर एकत्र घेतात किंवा आत तार घालतात.

• फॉईलचे डबे व मेणपणतीच्या वाट्या: जाडी फॉईलपेक्षा बरीच जास्त, तरी धातू मऊ. साध्या कात्रीने कापता येतात आणि त्यांवर शिरा उठवणे सोपे असते. नवशिक्यांसाठी हे सर्वांत सोयीचे साहित्य आहे.

• शीतपेयाचा कॅन: मधल्या भागाची जाडी सुमारे ०.१ मिमी. पत्रा कडक व लवचिक असतो. बाहेरून छपाई व आतून प्लास्टिकसदृश लेप असतो.

• तेल, तूप, बिस्किटे यांचे डबे: कथिलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, जाडी साधारणपणे ०.१५ ते ०.३ मिमी. पत्रा कापण्याची खास कात्री लागते. फूल मजबूत होते, पण कापलेल्या कडा गंजतात.

• बाटल्यांची बुचे: दातेरी कडेच्या बुचाचे एकस्व विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये घेतले. आजच्या बुचाला २१ दाते असतात. सपाट केलेले बूच आयतेच दातेरी फुलासारखे दिसते.

• तार: बांधकामावर सळ्या बांधण्यासाठी वापरतात ती मऊ लोखंडी तार, जस्ताचा मुलामा दिलेली तार आणि जुन्या पंख्यातील किंवा मोटारीतील तांब्याची तार.

• चमचे, वॉशर, नट, कॅनच्या कड्या: यांना नवा आकार देणे अवघड असते. म्हणून त्या आहेत त्या आकारात पाकळी किंवा मध्य म्हणून बसवतात. स्टेनलेस स्टीलचा चमचा हातपक्कडीने वाकवणे कठीण जाते.

लोखंडी पत्रा व ॲल्युमिनियम यांत फरक ओळखण्यासाठी चुंबक पुरेसा असतो. लोखंडी डबा चुंबकाला चिकटतो, ॲल्युमिनियमचा कॅन चिकटत नाही.

हत्यारे

साधी मजबूत कात्री, पत्र्याची कात्री, लांब टोकाची पक्कड, बारीक कानस, पॉलिश पेपर, खिळा व लहान हातोडी एवढ्यावर बहुतेक काम होते. शिरा उठवण्यासाठी शाई संपलेले बॉलपेन वापरतात. त्याचे गोल टोक पत्रा न फाडता दाबते. खाली रबराची चटई, जाड पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राची चळत ठेवतात. पाकळीला खोलगटपणा देण्यासाठी चमच्याची पाठ किंवा लाकडी लाटण्याचे टोक चालते.

धातूचे वर्तन

पत्रा वाकवून सोडला की तो थोडा मागे येतो. म्हणून पाकळीला हव्या असलेल्या वळणापेक्षा थोडे जास्त वळण द्यावे लागते. फॉईलच्या मऊ डब्यात हा परिणाम अल्प, तर कॅनच्या कडक पत्र्यात तो ठळक असतो.

एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकवल्यास धातू आधी कडक होतो आणि नंतर तुटतो. धातूच्या स्फटिकांतील थर एकमेकांवरून सरकल्यामुळे तो वाकतो, परंतु प्रत्येक वेळी सरकताना त्यांत नवे दोष निर्माण होतात व पुढचे सरकणे अडते. या क्रियेला श्रमकाठिण्य असे म्हणता येईल. कॅनचा पत्रा कारखान्यात लाटताना व ताणताना आधीच असा कडक झालेला असतो. त्यामुळे त्याची तीक्ष्ण घडी घालून पुन्हा उघडली तर ती काही वेळांतच त्या रेषेवर फाटते. कॅनच्या पाकळीला घडीपेक्षा गोलाई अधिक मानवते, ती यामुळे.

कडक झालेला धातू तापवून पुन्हा मऊ करण्याच्या क्रियेला अनुशीतन म्हणतात. तांब्याची तार मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली तरी ती मऊच राहते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर तांब्याचे भांडे घडवताना ते अधूनमधून भट्टीत तापवतात, त्यामागेही हेच कारण आहे. ॲल्युमिनियमच्या कॅनच्या बाबतीत मात्र घरगुती ज्योतीचा उपयोग होत नाही. ॲल्युमिनियमचा वितळणबिंदू ६६०° से. आहे आणि तो लाल न होता एकदम ढासळतो. शिवाय त्यावरील लेप जळून धूर होतो.

कृती

पत्रा मोकळा करणे. कॅन आतून धुऊन वाळवतात. वरच्या कडेखाली टोचा मारून कात्री आत घालतात आणि वरचा व खालचा जाड भाग गोल कापून वेगळा करतात. उरलेली नळी उभी कापली की आयताकृती पत्रा मिळतो. सुमारे ६६ मिमी व्यासाच्या नेहमीच्या ३३० मिलि. कॅनमधून सुमारे २० सेंमी लांब व ९ सेंमी रुंद पत्रा निघतो. तो टेबलाच्या कडेवरून उलट्या बाजूने ओढला की सपाट होतो. काही कारागीर त्याची मूळची वक्रता तशीच राहू देतात आणि पाकळीच्या खोलगटपणासाठी तिचा उपयोग करून घेतात.

साचा. पाकळ्यांचा नमुना आधी जाड कागदावर काढतात. पाच पाकळ्यांच्या फुलासाठी वर्तुळाचे ७२ अंशांचे पाच भाग करतात. मध्याशी १ ते १.५ सेंमी व्यासाचा भाग अखंड सोडतात, नाही तर पाकळ्या वळवताना तो मध्यापाशी फाटतो. खऱ्या फुलाच्या पाकळ्या सोडवून, त्यांची बाह्यरेषा कागदावर काढून साचा केल्यास फूल अधिक खरे दिसते.

कापणे. आधी साच्याबाहेर मोकळी जागा ठेवून ढोबळ तुकडा कापतात, मग रेषेवर कापतात. कात्री पूर्ण मिटली तर प्रत्येक मिटणीपाशी कडेला अणकुचीदार कंगोरा उरतो. म्हणून पाती अर्धवट उघडी ठेवून पत्राच फिरवत नेतात. पाकळ्यांमधील चिरेच्या टोकाशी खिळ्याने लहान गोल छिद्र पाडल्यास फाट पुढे जात नाही. ताण टोकदार जागी एकवटतो आणि गोल छिद्राभोवती पसरतो, हे यामागचे कारण आहे. कापून झाल्यावर कडा पॉलिश पेपरने घासतात.

घडण. पाकळी उलटी ठेवून बॉलपेनने मधली शीर व तिला फुटणाऱ्या उपशिरा दाबतात. सुलट केल्यावर त्या उठून दिसतात. शीर केवळ शोभेसाठी नसते. सपाट पत्रा लवकर वाकतो, तर शीर उठवलेला पत्रा कौलारू पत्र्याप्रमाणे ताठ राहतो. त्यानंतर चमच्याच्या पाठीने पाकळी खोलगट करतात आणि पक्कडीने तिची कड बाहेर किंवा आत वळवतात.

जुळणी. चकत्यांच्या मध्यातून छिद्र पाडून त्यांतून तार ओवतात. तारेच्या वरच्या टोकाला वेटोळे, मणी किंवा बटण ठेवले की चकत्या निसटत नाहीत. खाली तारेचा पीळ देऊन त्या घट्ट बसवतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा चिवट थर असल्याने त्याला डाख लागणे अवघड असते, म्हणून तेथे तार, रिव्हेट किंवा पत्र्याच्या जिभा वापरतात. तांबे व कथिलाचा मुलामा असलेला पत्रा यांना मात्र डाख चांगला धरतो. जागा घासून स्वच्छ करतात, राळ लावतात आणि मग कथिलाचा डाख देतात.

देठ व पाने. देठासाठी दोन तारांचा पीळ एका जाड तारेपेक्षा सोयीचा पडतो, कारण पानाचा देठ त्या पिळातच अडकवता येतो. निदलपुंजासाठी पाच टोकांची लहान चांदणी कापून फुलाखाली बसवतात. ही चांदणी जोड झाकते आणि फुलाला पूर्णत्व देते.

काही प्रचलित फुले

सदाफुली हे शिकण्यासाठी सर्वांत सोपे फूल आहे. तिच्या पाच पाकळ्या एकाच पातळीत असतात आणि किंचित एका दिशेने वळलेल्या असतात. एकाच चकतीतून फूल होते. प्रत्येक पाकळीची एक कड थोडी उचलली की पाकळ्या भिंगरीसारख्या दिसू लागतात.

गुलाबासाठी कमी होत जाणाऱ्या आकाराच्या चार चकत्या लागतात. ८, ७, ५ व ४ सेंमी व्यासाच्या चारही चकत्या एका कॅनच्या पत्र्यातून निघतात. पहिल्या तीन एका ओळीत आणि चौथी तिसरीच्या खाली मावते. सर्वांत लहान चकतीच्या पाकळ्या कळीसारख्या मिटतात आणि बाहेरच्या चकत्यांच्या पाकळ्या अधिकाधिक उघडतात. प्रत्येक चकती आधीच्या चकतीपेक्षा १८ अंश फिरवून बसवली तर चारही थरांत एका पाकळीवर दुसरी बरोबर येत नाही.

झेंडूसाठी लांब पट्टीला एका कडेने दाट चिरा देऊन ती गुंडाळतात आणि झालर बाहेर उलगडतात. मऊ फॉईलचा डबा यासाठी कॅनपेक्षा चांगला, कारण झालरीची प्रत्येक काडी बोटाने वळवावी लागते.

जास्वंदीची ओळख तिच्या लांब केसरनलिकेत असते. जाड तारेवर पातळ तांब्याची तार गुंडाळून नलिका करतात आणि तिच्या वरच्या भागात तारेचे छोटे वळसे बाहेर काढून परागकोश दाखवतात. पाकळ्या मोठ्या व पातळ असल्याने त्यांना शिरांचा आधार आवश्यक असतो.

कमळासाठी सुट्या पाकळ्या खोलगट करून थराथराने बसवतात. फॉईलच्या वाट्यांच्या गोल बुडाचा उपयोग मध्यातील बीजकोशासाठी होतो. खिळ्याच्या टोकाने त्यावर गोल खुणा केल्या की बीजांचा भास होतो.

रंग व टिकाऊपणा

ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत पृष्ठभागावर रंग नीट धरत नाही. म्हणून तो पॉलिश पेपरने किंचित खरवडून, स्वच्छ पुसून, अस्तराचा रंग दिल्यावर वरचा रंग देतात. कॅनवरील मूळ छपाई उलट्या बाजूला ठेवून आतली रुपेरी बाजू दर्शनी ठेवण्याची पद्धतही रूढ आहे. तांब्यावर मात्र रंग न देताही छटा मिळतात. ज्योतीवर तापवताना ऑक्साइडचा थर जसा वाढतो तसतशा नारिंगी, तांबूस व जांभळट छटा दिसतात. उकडलेले अंडे कुस्करून तांब्याच्या फुलाबरोबर बंद बरणीत ठेवल्यास त्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडमुळे तांबे काळपट होते. चिंच किंवा लिंबू-मिठाने ते पुन्हा उजळते.

टिकाऊपणाच्या दृष्टीने लोखंडी पत्र्याची कड हा कच्चा दुवा आहे. कथिलाचा मुलामा बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि तो अखंड असेपर्यंतच लोखंडाचे रक्षण करतो. कापलेल्या कडेवर लोखंड उघडे पडते व ओल लागताच गंज सुरू होतो. कथिलाच्या सान्निध्यात उघडे लोखंड अधिक वेगाने गंजते. जस्ताच्या मुलाम्याचे वर्तन याच्या उलट असते. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड काही काळ वाचते. म्हणून बाल्कनीत किंवा बागेत ठेवायच्या फुलांना जस्तलेपित तारेचे देठ योग्य ठरतात. तांब्याची तार व ॲल्युमिनियमची पाकळी एकमेकींना ओलीत चिकटून राहिल्यास ॲल्युमिनियम झिजते. कोकणासारख्या दमट व खाऱ्या हवेत हा परिणाम लवकर दिसतो. दोन्ही धातूंमध्ये रंगाचा थर किंवा प्लास्टिकचा मणी ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

सुरक्षितता

या हस्तकलेतील सर्वांत सामान्य इजा म्हणजे कापलेल्या कडेने बोट चिरणे. पातळ पत्र्याची कड पात्यासारखी असते आणि जखम खोल जाऊ शकते. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि कामाच्या जागी पसरलेले वर्तमानपत्र या किमान गोष्टी आवश्यक आहेत. कापताना उडालेले बारीक तुकडे हाताने न झाडता ओल्या फडक्याने किंवा चिकटपट्टीने उचलतात. गंजलेल्या किंवा मळलेल्या पत्र्याने जखम झाल्यास ती धुऊन धनुर्वाताच्या लशीबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते.

सुगंधी फवाऱ्याचे, कीटकनाशकाचे किंवा रंगाचे दाबाखालील डबे रिकामे वाटले तरी कापू नयेत, कारण आत ज्वलनशील वायू उरलेला असू शकतो. जस्तलेपित पत्रा किंवा तार तापवू नये. जस्ताच्या धुरामुळे काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. मोटारीतील तांब्याच्या तारेवर रोगणाचा लेप असतो. ती तापवण्यापूर्वी लेप खरवडून काढावा लागतो. डाखकामाच्या काही मिश्रणांत शिसे असते. ते वापरल्यास खोली हवेशीर असावी, काम संपल्यावर हात धुवावेत आणि स्वयंपाकाची भांडी त्या कामासाठी वापरू नयेत. अशी फुले लहान मुलांच्या हाती खेळणे म्हणून देण्याजोगी नसतात.

उपयोग

फुलदाणी, भिंतीवरील चौकट, दिव्याची छत्री, आरशाची कड, भेटवस्तूवरील सजावट असे या फुलांचे उपयोग आहेत. मेणपणतीभोवती रुपेरी पाकळ्या ठेवल्यास त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो. धातू जळत नसला तरी त्यावरील रंग व डिंक जळू शकतात, म्हणून ज्योतीजवळ बिनरंगी फुलेच ठेवावीत.

महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या प्लास्टिक व थर्मोकोलविषयक अधिसूचनेनंतर गणेशोत्सवातील थर्मोकोलच्या मखरांना पर्याय शोधले जाऊ लागले. पुढील वर्षी पुन्हा वापरता येणारे पत्र्याच्या फुलांचे तोरण हा त्यांपैकी एक घरगुती पर्याय आहे. पूजेत वाहिलेल्या ताज्या फुलांचे निर्माल्य होते, तसे या फुलांचे होत नाही. ती मूर्तीबरोबर विसर्जित केल्यास पाण्यात धातूचे धारदार तुकडे व रंग उरतात. म्हणून विसर्जनापूर्वी ती काढून ठेवणे आवश्यक आहे.

शिक्षणातील स्थान

शालेय कार्यानुभव विषयात 'टाकाऊतून टिकाऊ' या सूत्राखाली अशा वस्तू करून घेतल्या जातात. पत्र्याचे एक फूल करताना विद्यार्थ्याला वर्तुळाचे समान भाग पाडावे लागतात, फुलाचे निदलपुंज, दलपुंज, पुंकेसर हे भाग ओळखावे लागतात आणि धातूची तन्यता व गंज यांचा प्रत्यक्ष अनुभव येतो. भूमिती, वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र यांचा असा मेळ इतर हस्तकलांत क्वचितच बसतो. प्राथमिक वर्गांसाठी फॉईलचे मऊ डबे व बोथट कात्री पुरेशी असते. कॅन व लोखंडी डबे वरच्या वर्गांत, शिक्षकांच्या देखरेखीखाली वापरणे योग्य ठरते.

पर्यावरणीय बाजू व मर्यादा

रिकाम्या कॅनला टाकाऊ म्हणणे पूर्णतः बरोबर नाही. ॲल्युमिनियम पुनःपुन्हा वितळवून वापरता येते आणि त्यासाठी खनिजापासून नवा धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. भारतात कॅन व डबे भंगार वेचणाऱ्यांच्या व भंगारवाल्यांच्या साखळीतून पुन्हा भट्टीपर्यंत पोहोचतात आणि त्यावर अनेकांची रोजची कमाई अवलंबून असते. फुलात गेलेला पत्रा या साखळीबाहेर पडतो. रंग, गरम डिंक, प्लास्टिकचे मणी व दोन-तीन धातू एकत्र चिकटवलेले फूल मोडल्यावर भंगार म्हणून वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते.

म्हणून या हस्तकलेचा पर्यावरणीय लाभ फूल किती वर्षे वापरात राहते आणि ते कसे जोडले आहे यावर अवलंबून असतो. डिंकाऐवजी तारेच्या पिळाने जोडलेले, एकाच धातूचे व कमी रंगवलेले फूल जुने झाल्यावर सोडवता येते. त्यातील पत्रा भंगारात जाऊ शकतो आणि तार पुढच्या फुलाचा देठ होऊ शकते. नवी तार, रंग व अस्तर विकत आणावे लागले तर फुलाचा खर्च वाढतो आणि स्वस्तपणाचा हेतूच उरत नाही. यामुळे घरातील उपलब्ध धातू पाहून त्याला साजेसे फूल निवडणे ही या हस्तकलेतील व्यवहार्य पद्धत मानली जाते. मऊ फॉईलपासून झेंडू, कडक कॅनपासून गुलाब व सदाफुली आणि तांब्याच्या तारेपासून केसर असे सोपे वर्गीकरण त्यातूनच रूढ झाले आहे.